अडतीस आणि नऊ

दुकानातल्या मुलानं काउंटरवर तीन डबे मांडले.
एक साबणाच्या वडीएवढा, अडतीस युरोंचा.
दुसरा चपटा, शंभरावर पाच.
तिसऱ्याची किंमत सांगितलीच नाही त्यानं,
नुसता उलटा करून दाखवला,
पाठीवरची सोनेरी भोकं.

म्हटलं, बाबा रे, माझा ॲम्प्लिफायर रीगाचा,
सत्त्याऐंशी साली बसच्या डिकीतून आणलेला,
घोंगडीत गुंडाळून.
त्याला मागे पाच पिनांचं गोल तोंड,
आजचं काही त्या तोंडात जात नाही.
मुलगा हसला नाही. खाली बसला, खण उपसला,
तळातून एक वायर काढली. नऊ युरो.

तिसऱ्या डब्यातली चिप म्हणे वेगळी,
झांज वाजून गेल्यावर तिची शेपटी
शेवटपर्यंत ऐकू येते.
हेडफोन चढवले माझ्या डोक्यावर.
मी डोळे मिटून मान डोलावली,
चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस
प्रवाशांना डोलावतो तशी.
जानेवारीतच तर डॉक्टरीणबाईंनी
काचेपलीकडून शिट्ट्या वाजवल्या होत्या,
आणि निम्म्या शिट्ट्यांना माझं बोट
बटणावर नुसतं बसून राहिलं होतं.
जी शेपटी मला दिसायचीच नाही
तिच्यासाठी अख्खं मांजर कशाला पाळा?

छोटा घेतला. पावती पाकिटात ठेवली,
चौदा दिवसांत परत करता येतो.
माइमू शब्दकोड्यातून मान वर न काढता म्हणाली,
सत्तेचाळीस युरोंत दोन महिन्यांची कॉफी आली असती.

निळा दिवा लुकलुकला.
फोनवर डब्याचं नाव आलं:
दोन अक्षरं, चार आकडे.
नाव बदला, असंही खाली लिहिलेलं.
बघू, म्हटलं.

नवव्या दिवशी रात्री साडेआठला
फोन माझा स्वयंपाकघरात, चार्जरला,
आणि स्पीकरमधून एक माणूस बोलायला लागला.
सावकाश. प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा.
आमच्याच भाषेत:
बस कुठे थांबते?
मग शांतता. चार सेकंद.
बस कुठे थांबते?
मी सांगितलं. बाजारापाशी थांबते,
नदीच्या पुलापाशी थांबते,
हिवाळ्यात इस्पितळाच्या चढावर
थांबवू नये, पण थांबवावी लागते.
पुढची बस किती वाजता आहे?
माइमूनं पेन्सिल खाली ठेवली.
म्हणाली, हेल्दूर, तू कुणाशी बोलतोयस?

दारावर थाप पडली.
वरच्या मजल्यावरची ओरिस्या, खार्किवची,
बेकरीत रात्रपाळी करते,
जिन्यात आजवर नुसतं नमस्कार-नमस्कार.
एका हातात फोन, दुसऱ्यात साबणाची वडी.
तेच दुकान, तोच मुलगा, तेच अडतीस युरो,
दोन अक्षरं, चार आकडे, तेच.
तिचा डबा वर मुका बसलेला
आणि धडा आमच्याकडे उतरलेला.

तिच्या डब्याचं नाव तिथंच बदललं तिनं.
आमचं राहिलं, कारण माइमूनं कॉफी ओतली होती
आणि कॉफीपुढे तिला दुसरं काही सुचत नाही.

आता मंगळवारी ओरिस्या धडा खालीच लावते.
आमच्या भाषेत स्वर तीन मापांचे,
आखूड, लांब, आणि त्याहून लांब,
मापात चूक झाली की अर्थ दुसऱ्याच स्टॉपवर उतरतो.
ती म्हणते. माइमू मान हलवते: अजून ओढ.
ती ओढते. अजून.
मी दोघींच्या तोंडांकडे बघत बसतो,
शेवटच्या दोन मापांतला फरक
मला कधीपासून लागत नाही, कोण जाणे.

पंधरावा दिवस कधीच उलटला.
परवा विचारलं मी माइमूला,
हे तिसरं माप या स्वस्तातल्या डब्यातून
नीट येतं का गं?
येतं, म्हणाली.
उजवा स्पीकर तेवढा खरखरतोय.